रोझा पार्क्स यांचे कागद घरबसल्या कसे वाचावेत

बँकेचा एक जुना लिफाफा आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने पॅनकेकची कृती लिहिली आहे: एक कप मैदा, दोन मोठे चमचे बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर, एक अंडं, सव्वा कप दूध आणि एक तृतीयांश कप पीनट बटर. वर नाव दिलंय ‘फेदरलाइट’, म्हणजे पिसासारखे हलके. अक्षर रोझा पार्क्स यांचं. १ डिसेंबर १९५५ ला अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या त्याच या.

हा लिफाफा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात, आहे. त्याच्यासोबत सुमारे दहा हजार वस्तू आहेत: साडेसात हजारांच्या आसपास कागद आणि अडीच हजार फोटो. २०१६ पासून हा संग्रह इंटरनेटवर फुकट पाहता येतो. कोल्हापुरात बसून पाहता येतो, एसटीत मोबाइलवरही पाहता येतो, पण त्या लहान पडद्यावर हस्ताक्षर वाचायचा हट्ट धरू नका, डोळे जातील. लॅपटॉप घ्या.

बहुतेक जण तिथे जाऊन करतात काय, तर ‘बस’ हा शब्द टाकून शोधतात, अटकेचा एखादा कागद पाहतात आणि निघून येतात. वाईट नाही, पण पाहुण्यासारखं दिवाणखान्यातूनच परत येण्यासारखं आहे. एखाद्याचे खासगी कागद वाचायची एक रीत असते. ती खाली देतो.

पहिली पायरी: संग्रह उघडण्याआधी एक पान लिहून काढा

वहीच्या एका पानावर त्यांचं आयुष्य तारखांनिशी मांडा. हे पान पुढे सतत शेजारी लागणार आहे.

जन्म ४ फेब्रुवारी १९१३, टस्कीगी, अलाबामा. १९३२ मध्ये रेमंड पार्क्स यांच्याशी लग्न; ते न्हावीकाम करायचे. १९४३ पासून ‘एनएएसीपी’ या नागरी हक्क संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या चिटणीस. १९४४ मध्ये रेसी टेलर या कृष्णवर्णीय स्त्रीवर सहा गोऱ्यांनी बलात्कार केला, तेव्हा चौकशीला गेल्या त्या रोझाच. १९४५ मध्ये, बऱ्याच खटपटीनंतर, मतदार यादीत नाव. ऑगस्ट १९५५ मध्ये टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात कार्यशाळा. १ डिसेंबर १९५५ ला अटक, ५ डिसेंबरपासून बसवर बहिष्कार, तो ३८१ दिवस चालला. ऑगस्ट १९५७ मध्ये गाव सोडून डेट्रॉइट. मग काही काळ व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी. १९६५ ते १९८८ काँग्रेस सदस्य जॉन कॉन्यर्स यांच्या कार्यालयात काम. मृत्यू २४ ऑक्टोबर २००५.

या पानावर एक ओळ चर्चची हवीच, आणि ती आपण हमखास विसरतो. रोझा पार्क्स आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या. गोऱ्यांच्या चर्चमध्ये मिळणाऱ्या वागणुकीला कंटाळून रिचर्ड ॲलन आणि त्यांच्या सोबत्यांनी वेगळी वाट धरली आणि १८१६ मध्ये फिलाडेल्फियात हा पंथ उभा राहिला. माँटगोमेरीत रोझा या पंथाच्या चर्चमध्ये स्टुअर्डेस होत्या. स्टुअर्डेस म्हटलं की आपल्याला विमान आठवतं; इथे प्रभुभोजनाच्या मेजाची तयारी करणारी सेविका असा अर्थ. डेट्रॉइटला गेल्यावर त्या सेंट मॅथ्यू चर्चमध्ये डीकनेस, म्हणजे चर्चच्या सेवाकार्याची जबाबदारी असलेली स्त्री, झाल्या. आणि बहिष्काराची पहिली मोठी सभा कुठे झाली? होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये. म्हणून संग्रहात एखादी चर्चची कार्यक्रमपत्रिका दिसली तर ‘हे धार्मिक, आपल्याला नको’ म्हणून पुढे जाऊ नका. त्या काळात सभागृह, वर्गणी, निरोप, जेवण, सगळ्याला छप्पर एकच होतं.

दुसरी पायरी: सूची वाचा, आणि कागद तिथे कसे पोचले ते वाचा

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालात बांधलेले असतात. तिकडे बॉक्स आणि बॉक्समध्ये फोल्डर. कोणत्या बॉक्समध्ये काय, हे सांगणारी जी लांबलचक सूची असते तिला ‘फाइंडिंग एड’ म्हणतात. संग्रहाच्या मुख्य पानावर तिचा दुवा असतो. शोधचौकटीला हात लावण्याआधी ती अथपासून इतिपर्यंत वाचा. कंटाळवाणी आहे, पण दोन चहांत होते.

सूचीत कुटुंबाचे कागद, पत्रव्यवहार, लिखाण आणि टिपणं, फोटो असे गट दिसतील. लिखाणाच्या गटात सुरुवातीच्या खर्ड्यांचे फोल्डर आहेत: अटक, त्यानंतरचा बहिष्कार आणि दक्षिणेतल्या वंशसंबंधांबद्दलचे विचार, असं त्यांचं वर्णन केलेलं आहे. माझं मत विचाराल तर अख्ख्या संग्रहाचा गाभा तिथे आहे. तरीही तिथून सुरुवात करू नका. का, ते पुढच्या पायरीत येईल.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. या संकेतस्थळावर बहुतेकदा अख्खा फोल्डर म्हणजे एक नोंद असते आणि तिच्या आत वीस, चाळीस, कधी त्याहून जास्त चित्रं असतात. शोधयंत्र फोल्डरच्या नावातला शब्द पकडतं, आतल्या प्रत्येक पानावरचा पकडेलच असं नाही. म्हणून ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा कधीच घ्यायचा नाही.

आता कागदांचा प्रवास. रोझा गेल्या त्यानंतर त्यांचे नातेवाईक आणि त्यांनी स्वतः काढलेली संस्था यांच्यात वारशावरून कोर्टकचेरी झाली. सगळं सामान न्यूयॉर्कच्या एका लिलाव कंपनीकडे गेलं आणि कित्येक वर्षं गोदामात पडून राहिलं. २०१४ मध्ये हॉवर्ड बफे यांच्या प्रतिष्ठानाने ते विकत घेतलं, लायब्ररीला आधी दहा वर्षांच्या बोलीवर दिलं आणि २०१६ मध्ये कायमचं देऊन टाकलं. हे सांगतोय ते गोष्ट म्हणून नाही. विक्रीसाठी सामान लावलं जातं तेव्हा त्याची मूळ मांडणी मोडण्याचा धोका असतो. कोणता कागद कोणत्या कागदाला चिकटून होता, कोणत्या कपाटात होता, हे अशा वेळी हरवू शकतं. फोल्डरमधल्या शेजाऱ्यांवरून निष्कर्ष काढताना हात राखून काढा.

तिसरी पायरी: सर्वांत साधा कागद उचला

मोठ्या कागदांवर आधीच इतकं लिहून झालेलं असतं की आपण त्यांच्याकडे पाहतो तेव्हा दुसऱ्याचाच चष्मा डोळ्यांवर असतो. साधा कागद आपल्यालाच वाचावा लागतो.

उदाहरण घ्या: १९५७ ची एक छोटी छापील पावती, रोझा एल. पार्क्स यांच्या नावावर, रक्कम दीड डॉलर. ही ‘पोल टॅक्स’ची पावती. अलाबामात मतदान करायचं तर हा कर भरावा लागे, आणि तोही साठत जाई. वयाच्या एकविसाव्या वर्षापासूनची थकबाकी एकदम द्यावी लागे. रोझा १९४५ मध्ये मतदार झाल्या तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या, म्हणजे अकरा वर्षांचे साडेसोळा डॉलर. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या बाईला ही रक्कम किती वाटली असेल, त्याचा अंदाज करा.

आता पहिल्या पायरीचं पान शेजारी ठेवा. १९५७ म्हणजे बहिष्कार नुकताच संपलाय. रोझांची दुकानातली नोकरी गेलीय, रेमंड यांचीही सुटलीय, घरी फोनवर धमक्या येतात. काही महिन्यांत गाव सोडायचं आहे. आणि या परिस्थितीत त्या मताचे दीड डॉलर भरून पावती जपून ठेवतात. मला स्वतःला बसच्या प्रसंगापेक्षा ही पावती जास्त बोलकी वाटते, पण ते असो.

साध्या कागदाला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. छापील भाग कोणता, हाताने भरलेला कोणता? पैसे कोणी, कोणाला, कशासाठी दिले? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा कागद टाकून का दिला नाही? करभरणीचे कागद, बँकेचे लिफाफे, पत्त्यांच्या चिठ्ठ्या यांना हेच विचारत जा. पाच-सहा कागद असे झाले की हात बसतो, मग खर्ड्यांकडे वळा.

चौथी पायरी: हस्ताक्षराशी मैत्री

रोझांचं अक्षर तसं वाचनीय आहे, पण जोडून लिहिलेलं इंग्रजी वाचायची आज अनेकांना सवय नसते. मोडी शिकताना करतो तेच इथे करा. आधी असा कागद घ्या ज्यात काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे: सही, ‘माँटगोमेरी’, ‘अलाबामा’, महिन्यांची नावं. त्यातून त्यांचं प्रत्येक अक्षर कसं वळतं ते कागदावर उतरवा. अडलेला शब्द मोठा करून तासभर पाहत बसू नका. चौकोनी कंस घालून प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला. तोच शब्द तिसऱ्या पानावर स्पष्ट भेटतो.

लायब्ररीचा ‘बाय द पीपल’ नावाचा लोकसहभागाचा उपक्रम आहे. त्यात जगभरातले स्वयंसेवक अशी पानं अक्षरशः उतरवून देतात. रोझा पार्क्स यांचे कागदही त्यात होते, त्यामुळे अनेक पानांशेजारी टंकलिखित मजकूर मिळतो. सरावासाठी झकास: आधी स्वतः वाचा, मग ताडून पाहा. पण स्वयंसेवकही माणसंच. संदर्भ द्यायचा तर मूळ चित्राचा द्या.

उतरवताना शुद्धलेखन सुधारायचं नाही. खोडलेला शब्द खोडलेला दाखवायचा. खर्ड्यात माणूस कुठे अडखळला ते त्या खाडाखोडीतच कळतं.

मराठीत आणताना दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘जिम क्रो’ हे वेगळेपणाच्या कायद्यांचं टोपणनाव आहे. ते तसंच ठेवा, कावळ्याचा संबंध लावू नका. दुसरा शब्द ‘बहिष्कार’. आपल्याकडे बहिष्कार म्हणजे जातपंचायतीने वरून एखाद्याला वाळीत टाकणं. माँटगोमेरीत तो उलट दिशेने गेला: ज्यांना मागे बसवलं जात होतं त्यांनीच बसला वाळीत टाकलं. शब्द तोच वापरावा लागतो, पण पहिल्यांदा वापराल तेव्हा अर्धं वाक्य खर्च करा. आणि मूळ कागदातला ‘निग्रो’ हा शब्द त्या काळचा आहे. अवतरणात तो ठेवा, स्वतःच्या वाक्यात आणू नका.

पाचवी पायरी: तारीख नसलेल्या कागदाला तारीख लावणं

यात मजा आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

सूचीत ‘तारीख नाही’ असं ठिकठिकाणी आढळेल. अशा वेळी मजकूर बाजूला ठेवा आणि कागदाकडे वस्तू म्हणून पाहा. लिफाफा असेल तर तिकीट बघा. अमेरिकेत साध्या पत्राला जुलै १९५८ अखेरपर्यंत तीन सेंट लागत. १ ऑगस्ट १९५८ पासून चार आणि ७ जानेवारी १९६३ पासून पाच. पत्त्यात शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर तो लिफाफा बहुधा १९४३ ते १९६३ मधला, कारण पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ ला आला. घरचा पत्ता माँटगोमेरीतल्या क्लीव्हलँड कोर्टचा असेल तर ऑगस्ट १९५७ च्या आधीचा. वर हॅम्प्टन इन्स्टिट्यूटचं नाव छापलेलं असेल तर त्या तिथे नोकरीला लागल्यानंतरचा.

या ‘नंतरचा’वर जरा थांबा. छापील कागद फक्त खालची हद्द सांगतो. रोझा कागद वाया घालवणाऱ्यांतल्या नव्हत्या. पॅनकेकची कृतीच बघा ना. लिफाफा डेट्रॉइटच्या बँकेचा, म्हणजे १९५७ च्या आधीचा नाही एवढंच कळतं. तो दोन वर्षं खणात पडून राहिला की वीस, हे लिफाफा सांगत नाही. घरात जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर वाणसामानाची यादी करणारी आजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजवावं लागत नाही.

म्हणून वहीत दोन रकाने करा: ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’. दोन्ही भरले तरच ‘सुमारे अमुक साल’ लिहा. एकच भरला तर तेवढंच लिहा.

सहावी पायरी: ‘मी’ दिसला म्हणून आत्मकथन समजू नका

लिखाणात एक हाताने लिहिलेला मजकूर आहे, काही पानांचा, प्रथमपुरुषी. गोऱ्या कुटुंबात घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीवर एक गोरा शेजारी जबरदस्ती करू पाहतो आणि ती त्याला शब्दांनी रोखून धरते. २०११ मध्ये हा मजकूर बातम्यांत आला तेव्हा वाद झाला: हे रोझांवर खरंच ओढवलं होतं, की त्यांनी कथा लिहिली?

तुम्ही न्यायाधीश व्हायची गरज नाही, पण खुणा नोंदवायला हव्यात. त्या माणसाचं नाव आहे ‘मिस्टर चार्ली’. कृष्णवर्णीय बोलीत हे कुठल्याही गोऱ्या माणसाला मागून वापरायचं नाव होतं. मग ते खरं नाव लपवण्यासाठी आलं, की पात्र उभं करण्यासाठी? दोन्ही शक्य आहे. वाक्यं बोलीभाषेतल्या आठवणीसारखी आहेत की रचलेल्या भाषणासारखी? अशा मजकुराबद्दल लिहिताना ‘रोझा पार्क्स यांच्यावर हल्ला झाला’ असं सरळ विधान करू नका आणि ‘ही काल्पनिक कथा आहे’ असंही नाही. ‘त्यांच्या अक्षरातल्या, तारीख नसलेल्या एका प्रथमपुरुषी मजकुरात’ असं लिहा. लांबलचक आहे, पण तेवढंच आपल्याला ठाऊक आहे.

याच्या उलट बाजूचा नमुना म्हणजे हायलँडरची टिपणं, १९५५ च्या उन्हाळ्यातली. तिथे कल्पनेला जागाच नाही. कार्यशाळेत बसलेल्या माणसाने भराभर उतरवलेले मुद्दे आहेत. मनं बदलायची वाट पाहत बसू नका, गोऱ्या-काळ्यांचं विभाजन आधी कृतीने मोडा, मनं मागून बदलतील, अशा आशयाची नोंद त्यात आहे. हे अटकेच्या चार महिने आधीचं. ‘दमलेली साधी शिंपीण अचानक अडून बसली’ ही शाळेच्या पुस्तकातली गोष्ट या एका कागदापुढे टिकत नाही.

सातवी पायरी: नोंद आणि परवानगी

चित्र उतरवून घेताना फाइलला लगेच नाव द्या: संग्रह, बॉक्स, फोल्डर, चित्र क्रमांक. ‘स्क्रीनशॉट ४७’ या नावाच्या फाइली सहा महिन्यांनी कोणाच्याच कामाच्या नसतात. माझ्याकडे अजून अशा भरपूर आहेत. शेजारी एका तक्त्यात तुम्ही पाहिल्याची तारीख आणि दुवा ठेवा.

हक्कांबद्दल थोडक्यात. कागदाची मालकी एकाची आणि मजकुराचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो. पत्र मिळालं रोझांना, तरी त्यातल्या शब्दांवर हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. अप्रकाशित लिखाणाला अमेरिकन कायद्यात साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण आहे. रोझांच्या बाबतीत ते २०७५ अखेरपर्यंत जातं. अभ्यासात दोन-चार ओळी उद्धृत करणं वेगळं, आख्खं पत्र किंवा फोटो पुस्तकात छापणं वेगळं. दुसऱ्यासाठी परवानगी मागा. अडलं तर लायब्ररीची ‘आस्क अ लायब्रेरियन’ ही फुकट सेवा आहे. प्रश्न नेमका विचारा, बॉक्स-फोल्डरसकट. ‘रोझा पार्क्स यांच्याबद्दल माहिती द्या’ असं लिहाल तर उत्तरही तसंच मोघम येईल.

आठवी पायरी: उरलेले कागद कुठे आहेत

कोणाचेही कागद एका जागी राहत नाहीत. रोझांनी स्वतः हयातीत दिलेला एक संग्रह डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात, वॉल्टर रूथर ग्रंथालयात आहे. म्हणजे काय द्यायचं ते त्यांनी निवडून दिलं. वॉशिंग्टनचा संग्रह त्यांच्या मागे राहिलेला. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की बाईंनी जगासमोर काय ठेवलं आणि घरात काय ठेवलं, हा फरक दिसतो. अटकेचा पोलीस अहवाल आणि बोटांचे ठसे नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहेत. बसमधलं विभाजन ज्या खटल्यात रद्द झालं त्या ब्राउडर विरुद्ध गेल खटल्याच्या कागदांत ते आहेत. आणखी कुठे काय आहे ते शोधायला ‘आर्काइव्हग्रिड’ हे संकेतस्थळ वापरा.

या शोधात एक धागा थेट आपल्याकडे येतो. डिसेंबर १९५५ मध्ये जेम्स लॉसन नावाचे सत्तावीस वर्षांचे आफ्रिकन अमेरिकन मेथडिस्ट कार्यकर्ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंग भोगून ते १९५३ मध्ये मिशनतर्फे इथे आले होते आणि गांधींच्या मार्गाचा अभ्यास करत होते. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते परतले, पुढच्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटले आणि नॅशव्हिलला जाऊन त्यांनी विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचं प्रशिक्षण दिलं. त्यापायी १९६० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं. आज लॉसन यांचे कागद त्याच व्हँडरबिल्टच्या ग्रंथालयात आहेत. लॉसन २०२४ मध्ये गेले.

त्यांचे कागद पाहायचे तर त्या ग्रंथालयाच्या विशेष संग्रह विभागाला पत्र लिहून, सूची पाहून, हव्या त्या फोल्डरबद्दल विचारावं लागेल. पण या गोष्टीचा नागपूरकडचा भाग अमेरिकेत शोधून चालणार नाही. तो इथल्या जुन्या वाचनालयांतल्या वर्तमानपत्रांच्या बांधणीत आहे. डिसेंबर १९५५ चा पहिला आठवडा सोडा, बातमी इकडे पोचायला वेळ लागला असेल. ८ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचे अंक मागवा. मास्क बांधा, धूळ असते. आणि बातमी सापडली की नुसतं कात्रण टिपू नका, पूर्ण पानाचा फोटो घ्या: शेजारी काय छापलं होतं, कितव्या रकान्यात, किती ओळी.